तेलाची सलगी

आठवडाभर आमची मोटार एकाच खोडीने आम्हांस छळीत होती. ताशी साठ-सत्तरचा संथ वेग धरला, की गुळगुळीत रस्त्यावरही ती खडबडीत फरशीवरून धावावी तशी थरथरे. शहरातील एका कारखान्याने 'गिअरबॉक्स नवा घाला' म्हणून सांगितले. आकडा ऐकून आम्ही घरी येईपर्यंत बोललो नाही. "बदली झाली तेव्हाच विकायची होती," इतकेच सौभाग्यवती म्हणाल्या.

भोपाळहून इंदूरला जाताना देवासला एक वृद्ध मिस्त्री भेटले. ते शेजारी बसले आणि म्हणाले, उजवा पाय आहे तसाच ठेवा, डाव्या पायाने ब्रेकला नुसता स्पर्श करा. आम्ही केला, थरथर थांबली! पाय उचलला, पुन्हा सुरू. "साहब, गिअरबॉक्स नहीं, तेल देखिए."

आमच्या मोटारीस क्लचचा पायटा नाही. त्याच्या जागी तेलात समोरासमोर ठेवलेली दोन पात्यांची चाके आहेत. इंजिन एक फिरवते, त्याने भिरकावलेले तेल दुसऱ्यास ढकलते. मध्ये तिसरे लहान चाक परतणारे तेल वळवून आरंभीची ओढ जवळजवळ दुप्पट करते. जर्मनीच्या फ्योटिंगर यांनी १९०५ साली ही युक्ती जहाजांसाठी काढली. चाके एकमेकांस शिवत नाहीत, म्हणूनच चौकात गाडी थांबली तरी इंजिन बंद पडत नाही. पण दुसरे चाक पहिल्याहून किंचित मागेच राहते, आणि त्या मागासलेपणाची तेलात उष्णता होते. मोकळ्या रस्त्यावर ही भिडस्त सलगी म्हणजे निव्वळ उधळपट्टी. (वरिष्ठांशी सलगी करणारांनी हे वाक्य वगळावे.)

म्हणून आत एक तबकडी असते. वेग स्थिरावला, की तेलाचाच दाब तिला बाहेरच्या कवचावर घट्ट दाबतो आणि इंजिन व गिअरबॉक्स एकजीव होतात. इंजिनचे हिसके तबकडीतील स्प्रिंगा सोसतात. ब्रेकला पाय लागताच पकड सुटते. पॅकार्ड कंपनीने १९४९ साली असा क्लच बसविला होता. पुढे ती कल्पना मागे पडली. १९७३ साली जगात खनिज तेल महागले, आणि क्रायस्लरने १९७८ च्या मोटारींत ती पुन्हा आणली.

आमचे तेल म्हातारे झाले होते. तबकडी क्षणात धरी, क्षणात घसरे; तीच ती थरथर. एका खेपेस सारे तेल निघत नाही, म्हणून मिस्त्रींनी ते दोनदा बदलले.

परतताना आष्ट्याच्या अलीकडे फेऱ्यांचा काटा हलकेच खाली उतरला. गिअर बदलला नव्हता.

"काय झालं?" सौभाग्यवतींनी दचकून विचारले.

"धरलं," आम्ही म्हणालो.