दुसऱ्या पृथ्वीची ओसी अजून आलेली नाही

सोसायटीच्या ग्रुपवर टँकरच्या मेसेजखाली परवा पुन्हा तो फॉरवर्ड आला. 'दुसरी पृथ्वी सापडली! फक्त १८ प्रकाशवर्षांवर!' सोबत निळाशार गोळा, त्यावर पांढरे ढग. कुणीतरी विचारलं, "बुकिंग कधी सुरू?" इथवर ठीक होतं, मीही हसलो. पण पुढे एका गृहस्थांनी गंभीरपणे लिहिलं, "आता त्या पर्यावरणवाल्यांना सांगा, एक गेली तर दुसरी आहे." म्हणून ही पोस्ट. थोडी लांब आहे, लोकलमध्ये वाचा.

ग्रहाचं नाव जीजे २५१ सी. ऑक्टोबर २०२५ मध्ये अमेरिकेतल्या पेन स्टेट आणि अर्व्हाइन इथल्या विद्यापीठांच्या शास्त्रज्ञांनी त्याची माहिती प्रसिद्ध केली. वस्तुमान पृथ्वीच्या किमान पावणेचार पट, म्हणून 'सुपर-अर्थ'. तिथलं वर्ष सुमारे ५४ दिवसांचं. तारा मिथुन राशीतला, लाल, खुजा, आपल्या सूर्याच्या साधारण एक तृतीयांश वस्तुमानाचा.

डिप्लोमाच्या वर्गात आम्हाला एक सवय लावली होती: बातमीत आधी क्रियापद बघ. फॉरवर्डमधलं क्रियापद 'सापडली'. मूळ शोधनिबंधाच्या शीर्षकातच मात्र 'कॅन्डिडेट' असा शब्द आहे. उमेदवार! निकाल लागायचाय. आपल्याकडे अर्ज भरल्या भरल्या 'भावी नगरसेवक' असे बॅनर लागतात, त्यातलाच हा प्रकार.

आणि तो निळा गोळा? तो चित्रकाराने काढलाय. हा ग्रह कुणी पाहिलेलाच नाही. मग तो आहे हे कळलं कसं, तर ताऱ्याच्या डुलण्यावरून. विद्याविहारच्या फलाटावर उभं असताना फास्ट लोकल हॉर्न वाजवत जाते तेव्हा येताना आवाज चढा आणि जाताना उतरलेला वाटतो ना, तसंच प्रकाशाचं होतं. ग्रह ताऱ्याला किंचित ओढतो, तारा कधी आपल्याकडे सरकतो, कधी लांब जातो, आणि त्याच्या प्रकाशातल्या रेषा तेवढ्यापुरत्या हलतात. या ताऱ्याचं हे डुलणं किती? सेकंदाला सव्वा मीटरच्या आसपास. म्हणजे तुम्ही-आम्ही फलाटावर चालतो तो वेग. अठरा प्रकाशवर्षांवरचा एक अख्खा तारा माणसाच्या चालीने मागेपुढे होतोय, हे टेक्सासमधल्या दुर्बिणीला जोडलेल्या एचपीएफ नावाच्या यंत्राने आणि वीसेक वर्षांच्या जुन्या-नव्या नोंदींनी पकडलं. मला विचाराल तर खरी बातमी ही आहे. पण हिचा फॉरवर्ड होत नाही.

यात आपल्या मुंबईचाही धागा आहे. त्या एचपीएफच्या टीममध्ये काम केलेले जो निनान कुलाब्याच्या टीआयएफआरमधूनच पीएचडी करून तिकडे गेले होते आणि आता परत टीआयएफआरमध्येच आहेत.

आता 'राहण्यायोग्य' या शब्दाकडे येतो. उपनगरातल्या माणसाला हे दोन मिनिटांत कळेल. 'हॅबिटेबल झोन' म्हणजे फक्त लोकेशन. ताऱ्यापासूनचं अंतर असं, की वातावरण योग्य असेल तर पाणी द्रवरूपात राहू शकेल. वातावरण आहे का? पाणी आहे का? जमीन तरी आहे का? काहीच ठाऊक नाही. त्यात लाल खुजे तारे तरुणपणी तापट असतात, त्यांच्या ज्वाळांनी ग्रहाचं वातावरण उडूनही जाऊ शकतं. थोडक्यात, स्टेशनपासून पाच मिनिटं हे खरं, पण ओसी आलेली नाही, पाण्याची जोडणी नाही, आणि इमारत खरंच उभी आहे का तेही कुणी जाऊन बघितलेलं नाही.

हाच घोळ एप्रिल २०२५ मध्ये झाला होता. केंब्रिजचे निक्कू मधुसूदन आणि त्यांच्या सहकाऱ्यांना के२-१८ बी या १२४ प्रकाशवर्षांवरच्या ग्रहावर एका वायूच्या खुणा दिसल्या. आपल्याकडे तो वायू मुख्यतः समुद्रातले सूक्ष्मजीव तयार करतात. आणखी निरीक्षणं हवीत, असं ते स्वतःच सांगत होते. चॅनेलवर मात्र 'एलियन सापडले'. मग इतर शास्त्रज्ञांनी तीच आकडेवारी पुन्हा तपासली आणि पुरावा तोकडा आहे असं म्हटलं. शास्त्रात हे भांडण निरोगी समजतात.

आमच्या मजल्यावरच्या आठवीतल्या मुलीने मला विचारलं, "काका, तिथे जायला किती वेळ लागेल?" कागदावर हिशोब केला. व्हॉयेजर-१ सेकंदाला १७ किलोमीटरने चाललंय. त्या वेगाने सव्वातीन लाख वर्षं. ती म्हणाली, "मग शोधतात कशाला?" मी म्हटलं, आपण एकटेच आहोत का, हे बघायला. तिला ते पटलं. तिचे वडील अजून बुकिंगवरच अडलेत.

त्या पर्यावरणवाल्या टोमण्याला उत्तर द्यायला मला मुलुंडच्या बाहेर जायची गरज नाही. मुलुंड, भांडुप, कांजूर इथली २५५ एकरांहून जास्त मिठागरांची जमीन धारावीतल्या अपात्र रहिवाशांच्या घरांसाठी द्यायचं २०२४ मध्ये ठरलं. जुलैच्या पावसात भरतीचं पाणी जिथे पसरतं, ती ही जमीन. शेजारी कांजूरचं डम्पिंग, त्याचा वास विक्रोळी-भांडुपच्या लोकांना विचारा. धारावीकरांना चांगलं घर मिळालंच पाहिजे, त्यावर माझा वाद नाही. पण अठरा प्रकाशवर्षांवरचा एक गोळा राहण्यायोग्य आहे का हे ठरवायला माणसं वीस वर्षांच्या नोंदी चाळतात, आणि तरी 'उमेदवार'च म्हणतात. इथे मात्र ज्या जमिनीवर हजारो संसार उभे राहणार, तिच्या पुराचा आणि हवेचा अभ्यास दाखवा म्हटलं की विकासविरोधी. त्या घरांत जाणाऱ्या माणसाने तरी ते कागद मागू नयेत का?

असो. ज्यांना खरंच आकाश बघायचंय त्यांच्यासाठी: डिसेंबर-जानेवारीत रात्री नऊ-दहाला पूर्वेकडे पुनर्वसूचे दोन तारे जवळजवळ दिसतात, मुलुंडच्या गच्चीवरूनही. आपला तारा त्याच भागात आहे, पण साध्या डोळ्यांना दिसणार नाही, दुर्बीण लागेल. खगोल मंडळाचे लोक वर्षानुवर्षं वांगणीला रात्रभराचे आकाशदर्शनाचे कार्यक्रम करतात. कर्जत लोकल पकडायची, स्वेटर घ्यायचा. त्या मुलीला घेऊन मी जाणार आहे. आणखी कुणाला यायचं असेल तर कमेंटमध्ये सांगा.