तळघरातली गुणवत्ता

१९९७ सालचा ब्रिटनमधला मर्क्युरी पुरस्कार. यादीत रेडिओहेडचा 'ओके कॉम्प्युटर' होता, प्रॉडिजी होते, स्पाइस गर्ल्सही होत्या. पुरस्कार मिळाला ब्रिस्टल शहरातल्या रॉनी साइझ आणि त्याच्या 'रेप्रझेंट' या गटाला, 'न्यू फॉर्म्स' या त्यांच्या पहिल्याच अल्बमसाठी. ड्रम अँड बेस हा तोवर क्लबांमध्ये आणि बेकायदा रेडिओ केंद्रांवर वाढलेला प्रकार. 'ओके कॉम्प्युटर'वर अन्याय झाला असं म्हणणारे आजही भेटतात. तो वाद ज्यांना घालायचा त्यांनी घालावा. आम्हाला पडलेला प्रश्न असा, की हा अल्बम करणारी माणसं त्या यादीपर्यंत पोहोचली कशी?

आधी संगीताबद्दल. मिनिटाला १७० च्या आसपास ठोके. ड्रम धावतो आणि बास त्याच्या निम्म्या चालीने चालतो. 'न्यू फॉर्म्स'मध्ये यंत्रावर कापून जोडलेल्या तालासोबत हाडामांसाचे वादकही आहेत. क्लाइव्ह डीमर ड्रमवर, साय जॉन डबल बासवर. ओनालीचा आवाज, एमसी डायनामाइटचं रॅप, आणि रॉनीसोबत क्रस्ट, डाय, सव हे साथीदार. 'ब्राउन पेपर बॅग' ऐका. यंत्र कुठे संपतं आणि बोटं कुठे सुरू होतात, ते लवकर कळत नाही. गटाचं नावच 'रेप्रझेंट', म्हणजे प्रतिनिधित्व. हा शब्द आपल्याला कोणी समजावून सांगायची गरज नाही.

आता शहर पाहू. ब्रिस्टल गुलामांच्या व्यापारावर श्रीमंत झालेलं बंदर. याच शहरात १९६३ साली बस कंपनी काळ्या आणि आशियाई माणसांना चालक-वाहक म्हणून घेत नव्हती. पॉल स्टीफनसन आणि त्यांच्या साथीदारांनी बसवर बहिष्कार पुकारला, चार महिने चालवला आणि जिंकला. त्यानंतर नेमला गेलेला पहिला बिगर-गोरा वाहक रघबीर सिंग हा शीख होता. १९८० च्या एप्रिलमध्ये तिथल्या सेंट पॉल्स भागात एका कॅफेवर पोलिसांनी धाड घातली आणि वस्ती पेटली. जमैकाहून आलेल्या आईबापांचा मुलगा रॉनी या शहरात वाढत होता. सोळाव्या वर्षी शाळेने त्याला काढून टाकलं.

आमची गोष्ट इथे सुरू होते. शाळेने काढलेल्या या मुलाला 'बेसमेंट प्रोजेक्ट' नावाचं युवा केंद्र सापडलं. नावाप्रमाणे तळघर. तिथे यंत्रं होती आणि ती हाताळू देणारी माणसं होती. संगीत कसं तयार करतात, याचे पहिले धडे त्याने तिथे घेतले. पुढे मर्क्युरी मिळाला तेव्हा बक्षिसाच्या रकमेतला वाटा त्या केंद्राकडे परत गेला.

सोशॉलॉजीच्या वर्गात आम्ही 'सांस्कृतिक भांडवल' हा शब्द शिकलो. घरात पुस्तकं, पियानो, बोलण्याची ढब असली की मुलगा 'जात्याच हुशार' दिसतो. ज्याच्या घरात यातलं काही नाही, त्याच्याकडे गुणवत्ता नाही असं ठरवून आपण मोकळे होतो. रॉनीच्या शाळेने हेच केलं. मग त्याची गुणवत्ता एका तळघरात कशी काय उगवली? ती होतीच. शाळेजवळ ती मोजायची पट्टी नव्हती, तळघराजवळ एक यंत्र होतं. एवढाच फरक.

आमच्या केंद्रात शाळा सुटलेली वीसेक पोरं येतात. त्यातले चौघे मोबाइलवर ताल जोडतात, हलगीचा ठोका रेकॉर्ड करून त्याखाली बास घालतात. आम्ही एका देणगीदार संस्थेकडे एक कॉम्प्युटर आणि दोन बरे स्पीकर मागितले. उत्तर आलं, 'संगीत हे उपजीविकेचं कौशल्य नाही. शिवणयंत्रं किंवा मोबाइल दुरुस्तीचा प्रस्ताव द्या.' शिवणकाम वाईट नाही. पण वस्तीतल्या पोराने दुरुस्तीच शिकायची आणि निर्मिती दुसऱ्या कोणी करायची, ही वाटणी कोणी ठरवली? याच संस्थांचे पदाधिकारी स्वतःच्या मुलांना गिटारचा क्लास लावतात. तेव्हा उपजीविकेचा प्रश्न कुठे जातो?

आणि नुसती संधी देऊनही भागत नाही, मालकी लागते. याचा पुरावा याच संगीताच्या पायात आहे. १९६९ साली 'द विन्स्टन्स' या अमेरिकी गटाच्या 'आमेन, ब्रदर' या रेकॉर्डमध्ये ग्रेगरी कोलमन या काळ्या ड्रमरने सुमारे सात सेकंदांचा एक तुकडा वाजवला. जंगल आणि ड्रम अँड बेसची इमारत मोठ्या प्रमाणात त्या सात सेकंदांवर उभी आहे. हजारो गाण्यांनी तो तुकडा वापरला. कोलमन २००६ साली वारले. गटप्रमुख रिचर्ड स्पेन्सर यांच्या सांगण्यानुसार, बेघर अवस्थेत. त्या तुकड्याची रॉयल्टी त्यांना कधी मिळाली नाही. २०१५ साली चाहत्यांनी वर्गणी काढून स्पेन्सर यांना सुमारे २४ हजार पौंड दिले. ही चाहत्यांची माणुसकी झाली. हक्क तिच्यातून मिळत नाही. श्रम एकाचे, नफा दुसऱ्याचा आणि वर दानाचा सोहळा, हे गणित आपल्याला अनोळखी आहे का?

म्हणून रॉनी साइझचं उदाहरण देताना 'बघा, जिद्द असली की माणूस वर येतो' असं कोणी म्हणालं, तर त्याला तिथेच थांबवा. जिद्द कोलमनकडेही होती. रॉनीला तळघर मिळालं, गट मिळाला, रेकॉर्डवर स्वतःचं नाव मिळालं. या तीन गोष्टी सार्वजनिक पैशातून आणि सामूहिक प्रयत्नातून उभ्या करता येतात. त्यासाठी कोणी प्रतिभावान जन्माला येण्याची वाट पाहावी लागत नाही.

आमचा प्रस्ताव आम्ही पुन्हा पाठवला आहे. शिवणयंत्र त्यात घातलेलं नाही. तोवर चार घरांतून वर्गणी काढून एक जुना कॉम्प्युटर आणला आहे. पोरं जे काही करतील त्यावर त्यांचीच नावं लागतील, हे आम्ही पहिल्याच दिवशी भिंतीवर लिहून ठेवलं आहे.