आमच्या खांबाला शोभेल असा झेंडा

दक्षिण नागपुरातल्या आमच्या वसाहतीत फाटकाजवळ एक लोखंडी खांब आहे. उंची साधारण वीस फूट, वर कप्पी, खाली सिमेंटचा चौथरा. 26 जानेवारी, 1 मे आणि 15 ऑगस्ट या तीन दिवशी तिथे झेंडावंदन होते. महाराष्ट्राला स्वतःचा वेगळा राज्यध्वज नाही. महाराष्ट्र दिनालाही तिरंगाच चढतो, कस्तुरचंद पार्कवर चढतो तसाच आमच्या फाटकावर. जुना झेंडा कडेने विरला, तेव्हा नवा आणण्याचे काम समितीने माझ्याकडे दिले. झेंडा म्हणजे दुकानात जाऊन पाच मिनिटांत घेण्याची वस्तू, असेच बहुतेकांना वाटत होते. पण त्यात समजून घेण्यासारखे बरेच निघाले. हे काम पुढे ज्यांच्याकडे येईल, त्यांच्यासाठी हे लिहिते आहे.

पहिला प्रश्न आकाराचा. बैठकीत सगळ्यांचा सूर एकच होता, मोठ्यात मोठा घ्या. वसाहतीतल्या तरुण मुलांना तर रस्त्यावरून दिसेल एवढा हवा होता. त्यांची भावना मला मान्यच आहे. पण तिरंगा आपल्या मनाने कोणत्याही मापाचा शिवता येत नाही. भारतीय ध्वजसंहितेत नऊ मापे ठरलेली आहेत. सर्वांत मोठे 6300 बाय 4200 मिलिमीटरचे, सर्वांत लहान 150 बाय 100 चे, टेबलावर ठेवायचे. मोटारीवरचा झेंडा 225 बाय 150 चा. कोणतेही माप घेतले तरी लांबी आणि उंची यांचे प्रमाण तीनास दोन हेच. साध्या खांबासाठी आपल्या कामाची मापे तीनच, 1800 बाय 1200, 1350 बाय 900 आणि 900 बाय 600. फुटांत सांगायचे तर सहा बाय चार, साडेचार बाय तीन आणि तीन बाय दोन.

झेंड्याची लांबी खांबाच्या उंचीच्या पाव ते एक तृतीयांश असावी, असा एक ढोबळ ठोकताळा आहे. त्या हिशेबाने वीस फुटांना सहा बाय चारचा झेंडाही चालला असता. पण ठोकताळ्याला आमच्या फाटकाजवळचा कडुनिंब ठाऊक नव्हता. म्हणून एक जुनी पांढरी चादर आधी सहा बाय चार मापाची कापली आणि दोरीला बांधून वर चढवली. वाऱ्याची झुळूक आली तशी तिची मोकळी कड थेट निंबाच्या फांदीत गेली आणि अडकून बसली. मग तीच चादर साडेचार बाय तीनची केली. ती फांदीपासून हातभर दूर राहिली आणि खालच्या चौथऱ्यापासूनही भरपूर वर. रस्त्याच्या पलीकडे उभे राहून पाहिले तर खांबावर ती लहानही वाटत नव्हती. मुलांनाही ते डोळ्यांनी दिसले, वाद घालावा लागला नाही. 1350 बाय 900 ठरले.

कापडाचा प्रश्न याहून अवघड होता. अनेक वर्षे तो प्रश्नच नव्हता, कारण झेंडा हातसुताचा आणि हातमागाचा, म्हणजे खादीचाच असायला हवा होता. मग ते सूत असो, लोकर असो की रेशीम. 30 डिसेंबर 2021 च्या दुरुस्तीने यंत्रावर केलेले कापड आणि पॉलिस्टरही चालू लागले. पुढे जुलै 2022 मध्ये नागरिकांनी उघड्यावर लावलेला झेंडा रात्रंदिवस फडकत ठेवण्यासही परवानगी मिळाली. त्याआधी सूर्योदय ते सूर्यास्त हाच नियम होता. या दोन बदलांमुळे आता आपल्याला विचार करून निवडावे लागते.

इतवारीत एका दुकानदाराने पॉलिस्टरचे दोन-तीन प्रकार पुढे टाकले. म्हणाला, “हाच घ्या जी ताई, पाण्याने काही होत नाही याला.” त्याचे म्हणणे खरे होते. पॉलिस्टर हलके असते. नागपुरात वर्षातले बरेच दिवस वारा मंदच असतो, त्या मंद वाऱ्यातही ते उलगडते. पावसात भिजले तरी लवकर वाळते. 15 ऑगस्ट तर ऐन पावसाळ्यात येतो. खादी भिजली की जड होते आणि खांबाला चिकटून लोंबते, हे आम्ही सगळ्यांनी पाहिलेले आहे. पण आपला दुसरा ऋतूही विसरून चालत नाही. मे महिन्यात पारा पंचेचाळिशीच्या वर जातो, ऊन दिवसभर कापडावर पडते, आणि अधूनमधून संध्याकाळी धुळीचे वादळ येते. त्या उन्हात पॉलिस्टरही विटते आणि वादळात त्याची मोकळी कड धाग्याधाग्याने सुटत जाते. कापड कोणतेही असो, झेंडा फाटायला सुरुवात होते ती त्या कडेपासूनच. म्हणून तिथली शिवण एकेरी आहे की दुहेरी, दुमड किती आहे, हे आधी पाहावे.

मी पिशवीतून मोजपट्टी काढली, तेव्हा दुकानदाराने आधी माझ्याकडे पाहिले आणि मग तोही मोजायला लागला. साडेचार बाय तीनच्या झेंड्यात प्रत्येक पट्टा 300 मिलिमीटरचा आणि अशोकचक्राचा व्यास 280 मिलिमीटर हवा. पुढे आलेल्यांपैकी एकाचे चक्र छपाईत लांबट झाले होते. दुसऱ्याचा पांढरा पट्टा इतर दोन्हींपेक्षा अरुंद होता. आरे चोवीस आहेत का, चक्र दोन्ही बाजूंनी स्वच्छ दिसते का, हेही उलगडल्याशिवाय कळत नाही. प्लास्टिकच्या पाकिटात घडी घातलेले सगळे झेंडे सारखेच सुंदर दिसतात.

मग खादी भांडारात गेले. तिथला झेंडा हातात घेतला आणि फरक बोटांना कळला. पट्टे वेगवेगळे रंगवून जोडलेले, खांबाकडच्या बाजूला जाड कापडाची बाही, तिच्यातून ओवलेली दोरी आणि लाकडी गुंडी. भारतीय मानक संस्थेचे पहिले मानक, क्रमांक एकचे, आहे ते राष्ट्रध्वजाचेच. 1951 मध्ये ते प्रसिद्ध झाले. सुताची जाडी, विणीचा घट्टपणा, रंगाचा पक्केपणा, शिवण, सगळे त्यात ठरवून दिले आहे. कर्नाटकात हुबळीजवळच्या बेंगेरीला आणि आपल्याकडे नांदेडला खादी संस्थांत असे झेंडे तयार होतात. किंमत पॉलिस्टरच्या कितीतरी पट जास्त, हे खरे. पण ती किंमत कुणाच्या तरी चरख्याला आणि मागाला जाते.

खादीच्या बाजूने सर्वांत ठाम बोलले ते आमच्या शेजारचे काकाजी. त्यांनी बैठकीत नागपूरच्या झेंडा सत्याग्रहाची आठवण दिली. 13 एप्रिल 1923 रोजी चरख्याचा झेंडा घेऊन सिव्हिल लाइन्सकडे निघालेली मिरवणूक पोलिसांनी अडवली. 1 मेपासून जमनालाल बजाजांच्या नेतृत्वाखाली संघटित सत्याग्रह सुरू झाला. रोज स्वयंसेवकांच्या तुकड्या झेंडा घेऊन निघायच्या आणि रोज पकडल्या जायच्या. बजाजांना अटक झाल्यावर वल्लभभाई पटेलांनी सूत्रे घेतली. विनोबा तुरुंगात गेले, सुभद्राकुमारी चौहान यांनाही अटक झाली. अखेर 18 ऑगस्टला झेंड्याची मिरवणूक त्याच सिव्हिल लाइन्समधून गेली. ज्या रस्त्यांवरून आपण रोज गाडीने जातो, त्यांवरून नुसता झेंडा नेण्यासाठी शेकडो माणसे तुरुंगात गेली. काकाजी म्हणाले, “या गावात तरी झेंडा घेताना स्वस्त-महाग करू नका.” त्यावर कुणी काही बोलले नाही.

मी मात्र निर्णय केवळ भावनेवर सोडला नाही. झेंडा रात्रंदिवस ठेवायचा की तीनच दिवस, हे आधी ठरवा, कापड त्यावर ठरेल, असे मी सुचवले. रोज वर ठेवायचा तर रोज त्याच्याकडे पाहणारा माणूस हवा. कड सुटली, रंग विटला की त्याच दिवशी उतरवायला हवा, कारण फाटका किंवा मळका झेंडा फडकवणे नियमात बसत नाही आणि मनालाही बरे वाटत नाही. आमच्याकडे तसा माणूस नेमलेला नाही. म्हणून तीन दिवसांसाठी खादीचा, आणि संध्याकाळी उतरवायचा, असे एकमताने ठरले. भिजला तर सावलीत पूर्ण वाळवून मगच घडी घालायची. ओल्या घडीला बुरशी लागते आणि तिचे डाग मग निघत नाहीत. रोज वर ठेवण्याची सोय आणि माणूस ज्यांच्याकडे आहे, त्यांनी चांगल्या शिवणीचे पॉलिस्टर खुशाल घ्यावे. त्यात काहीही कमी नाही. फक्त दुसरा झेंडा आधीच आणून ठेवावा.

जुना झेंडा काकाजींनी आणि मी सकाळी लवकर, गाजावाजा न करता, आदराने अग्नीला दिला. संहितेत तसेच सांगितले आहे.

यंदा तुमच्या वसाहतीचा किंवा शाळेचा झेंडा घ्यायचा असेल, तर दुकानात जाण्याआधी खांब मोजा, आजूबाजूच्या फांद्या आणि विजेच्या तारा पाहा. दुकानात झेंडा पाकिटातून काढून पूर्ण उलगडा, पट्टे आणि चक्र मोजा, मोकळ्या कडेची शिवण ओढून पाहा. आणि हे सगळे 14 ऑगस्टच्या संध्याकाळी नको, जुलैतच करा.