बत्तीस बाजूंची चिमणी

ब्लेंडर हे त्रिमितीय वस्तू घडवायचं सॉफ्टवेअर उघडलं की पडद्याच्या मधोमध एक करडा घन बसलेला असतो. आठ कोपरे, बारा कडा, सहा बाजू. शिकवणारे बहुतेक जण पहिल्याच मिनिटाला तो पुसून टाकायला सांगतात. मी ठेवला. मला गिरणीची शेड करायची होती, आणि शेड म्हणजे लांब ओढलेला घनच.

मी अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत एका टॉवेल कारखान्यात हिशेब बघते. भाची पुण्यात ॲनिमेशन शिकते. तिने नवा लॅपटॉप घेतला तेव्हा जुना माझ्याकडे आला, ब्लेंडरसकट. सोलापुरात नळाला पाणी चार-पाच दिवसांनी येतं, तेही कधी रात्री-अपरात्री, त्यामुळे जागरण ठरलेलं. मोबाइलवरचे रील्स बघून डोकं उठलं होतं म्हणून हे उघडलं. यापेक्षा मोठं कारण नाही.

संगणकातली कुठलीही त्रिमितीय वस्तू पडद्यावर येताना शेवटी त्रिकोणांचीच होते. सिनेमातल्या एखाद्या प्राण्याला ते लाखांनी लागतात. मी करते त्या ‘लो पॉली’ पद्धतीत काही शेकड्यांत भागवायचं आणि कडा लपवायच्या नाहीत. १९९४ साली पहिलं प्लेस्टेशन आलं तेव्हा हा नाइलाज होता, कारण त्या यंत्राला एका वेळी मोजकेच त्रिकोण झेपायचे. आज साध्या मोबाइललाही ते ओझं वाटत नाही, तरी लोक हौसेने असं काम करतात. मला यात रस वाटला तो एवढ्यासाठी, की इथे प्रत्येक कडेला ‘तू कशाला हवीस?’ असं विचारावं लागतं.

गिरणीच्या चिमणीपुढे हा प्रश्न पहिल्यांदा आला. ब्लेंडरमध्ये नवा सिलिंडर घेतला की तो बत्तीस बाजूंचा येतो. छान गोल दिसतो आणि म्हणूनच त्यात बघण्यासारखं काही उरत नाही. सोळा बाजू केल्या, मग बारा. आठवर आले तेव्हा चिमणी उभी राहिली: एका अंगाला ऊन, एका अंगाला गडद सावली, मधल्या बाजूंवर दोन्हींच्या पायऱ्या. सहावर ती चिमणी राहिली नाही. वरचं तोंड निवडून एस दाबायचं आणि थोडं आवळायचं, की ती आपोआप उंच भासते.

छपराने मात्र मला बराच काळ अडकवून ठेवलं. सोलापूरच्या जुन्या गिरण्यांची छपरं करवतीच्या दात्यांसारखी. एक उतरती बाजू पत्र्याची, एक उभी बाजू काचेची, पुन्हा पत्रा, पुन्हा काच. १८७७ साली मोरारजी गोकुळदासांनी जुनी मिल काढली, त्यानंतर नरसिंग गिरजी, लक्ष्मी, विष्णू अशा गिरण्या आल्या. भोंग्यावर घड्याळ लावणारी पिढी आता थकली. माझं लहानपण अशा दातेरी छपरांच्या आसपास गेलं, पण सगळ्या काचा एकाच दिशेला का बघतात, हे मनात कधी आलं नव्हतं. मॉडेल करताना ते विचारावंच लागलं, कारण सूर्य कुठे ठेवायचा ते मलाच ठरवायचं होतं.

काचा उत्तरेला असतात. आपल्याकडे वर्षातला बराच काळ सूर्य दक्षिणेकडे कललेला, त्यामुळे उत्तरेच्या काचेतून ऊन न येता नुसता शांत उजेड येतो. मागावर बसलेल्याला सुताचा रंग खरा दिसतो आणि तुटलेला धागाही लवकर सापडतो. गंमत अशी, की सोलापूर साधारण पावणेअठरा अंश अक्षांशावर आहे. मेच्या दुसऱ्या आठवड्यापासून जुलैअखेरपर्यंत भरदुपारी सूर्य किंचित उत्तरेलाच जातो. म्हणजे ऐन चव्वेचाळीस अंशांच्या दिवसांत ती युक्ती दुपारपुरती उलटत असणार. मी माझ्या गिरणीत डिसेंबर लावून टाकला. हिशेबनिसाला एवढी सूट हवी.

आमच्या घरात तेलुगू बोलतात. वडिलांना आम्ही नाना म्हणायचो. ते पूर्व भागातल्या कारखान्यांसाठी चादरीची डिझाइनं ग्राफ पेपरवर काढून द्यायचे. उभी ओळ म्हणजे ताण्याचा धागा, आडवी ओळ म्हणजे बाण्याचा. रंगवलेल्या चौकोनाच्या जागी पुठ्ठ्याच्या पट्टीला भोक पडायचं, भोक असेल तिथला मागाचा हूक वर उचलला जायचा आणि धागा दिसायचा. जॅकार्डने १८०४ साली फ्रान्समध्ये बसवलेली हीच रीत. मोराची मान गोल, कागद चौकोनी. नाना पायऱ्या पायऱ्यांनी ती वळवायचे, ग्राफ भिंतीला टाचायचे आणि दारापर्यंत मागे सरकून बघायचे. जवळून नुसत्या पायऱ्या, दारातून मोर. त्यांना मोराच्या डोळ्याला एकच चौकोन पुरायचा. मी आता माउसचं चाक फिरवून मागे जाते. गिरणी अंगठ्याएवढी झाली तरी गिरणीच दिसते का, हे बघते. दिसली नाही, तर त्रिकोण वाढवण्याआधी आकार बदलते.

रंगांसाठी एक युक्ती भाचीने शिकवली. चित्रं चिकटवत बसायचं नाही. आठ-दहा चौकोनांचं एक चिमुकलं चित्र करायचं, प्रत्येक चौकोनात एक रंग, आणि वस्तूची प्रत्येक बाजू त्यातल्या एखाद्या चौकोनावर नेऊन ठेवायची. माझे रंग चादरीचेच: मरून, बाटली हिरवा, मोहरी, पांढरा. ही चौकडी मला शाळेच्या पाढ्यांइतकी पाठ.

गिरणीनंतर गड्डा, म्हणजे आमची सिद्धेश्वरांची यात्रा, करायला घेतला. जानेवारीत या यात्रेत सात नंदीध्वज निघतात. त्यांना आम्ही काठ्या म्हणतो. संमती कट्ट्यावर अक्षता, होम मैदानावर होम आणि जत्रा. एक काठी करून ऑल्ट-डीने तिच्या सहा प्रती काढल्या. या पद्धतीत मूळ काठीचं टोक बदललं की सातही बदलतात. माणसं करताना खरा कस लागला. नाक, डोळे, बोटं गेली. चपला तर नव्हत्याच. पांढरी बाराबंदी राहिली आणि काठी पेलताना मागे झुकलेली कंबर राहिली. ती कंबर सरळ होती तोवर पुतळे दिसत होते. दोन कोपरे थोडे मागे ओढले आणि वजन आलं. शेजारच्या अक्कांना काही न सांगता पडदा दाखवला. चष्मा वर करून म्हणाल्या, “अगं, काठ्या की! पण गर्दी कुठं गेली?” गर्दीला माझ्या लॅपटॉपचा पंखा तयार नव्हता.

त्यांचा पुढचा प्रश्न ठरलेला होता. “ह्याचं किती मिळतंय?” आमच्या गावात तो गैर नाही. इथे विडी हजारावर मोजतात, चादर-टॉवेल नगावर. मी स्वतः दिवसभर तेच मोजते. भाचीही म्हणते, “पिन्नी, असली मॉडेल्स गेमवाल्यांना विकता येतात.” ‘फ्लो’ हा लॅटव्हियाचा ॲनिमेशनपट ब्लेंडरमध्ये झाला आणि २०२५ साली त्याला ऑस्कर मिळालं, हे तिने मला कितीदा तरी ऐकवलंय. तिचं वय ते ऐकवण्याचं आहे. मला विकायचं नाही. विकायचं म्हटलं की गिऱ्हाईक काठ्यांऐवजी किल्ला मागणार, तोही शुक्रवारपर्यंत. घरी यजमानांना हे पटतं की नाही कोण जाणे. “काय करलालीस? पाणी आलंय, मोटर लाव की,” एवढंच ते म्हणतात आणि झोपतात.

ज्यांना करून बघायचं असेल त्यांच्यासाठी: ब्लेंडर फुकट आहे, आणि चोरीचं नाही. २००२ साली ते बनवणारी कंपनी बंद पडल्यावर टॉन रोसेन्डाल या डच माणसाने लोकांकडून एक लाख युरो जमवून ते सर्वांसाठी खुलं करून घेतलं. लो पॉलीपुरता आठ जीबी रॅमचा जुना लॅपटॉप चालतो. भारी टॅब्लेट, पेन, खुर्ची यातलं काही घेऊ नका. चाक असलेला माउस मात्र घ्या, कारण वस्तूभोवती फिरायला ते चाक दाबून धरावं लागतं आणि टचपॅडवर बोटं दुखतात.