हतनूरचे दरवाजे

तापीला भरती-ओहोटी लागते ती सुरतेकडे. खानदेशात पाणी चढतं ते हतनूर धरणाचे दरवाजे उघडल्यावर. दरवाजे 41. भुसावळला लख्ख ऊन असतानाही वर पूर्णेला पूर आला, की खाली नदी फुगते. होडीवाल्याला हे ठाऊक असतं; सुटीत डुंबायला आलेल्या पोरांना कोण सांगणार?

चांगदेवच्या तापी-पूर्णा संगमावर होडीतला भाविक सहज ओंजळ भरतो. पाणी नितळ दिसतं खरं, पण आंघोळीच्या पाण्यासाठी केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचा निकष 100 मिलिलिटरमागे 500 कोलिफॉर्म जिवाणूंपर्यंतचा आहे आणि ते डोळ्यांना दिसत नाहीत. पहिल्या पावसात तर नाले-गटारं धुऊन नदीतच येतात. असंच पाणी घेऊन धुळ्याची पांझरा नदीही मुडावदला तापीलाच मिळते.

गढूळ पाणी ओसरेपर्यंत थांबावं, अंगावर जखम असेल तर उतरूच नये. पट्टीचा पोहणारा हे ऐकत नाही. त्याला निदान होडीत लाइफ जॅकेट तरी घालायला लावावं.