अण्णांच्या पुस्तकाचा तेरा आकडी क्रमांक

पुणे

प्रिय सई,



अण्णांच्या रेल्वेतल्या आठवणींचं पुस्तक करायचं तू मनावर घेतलंस, फार बरं वाटलं. मजकूर लागला, मुखपृष्ठही ठरलं, आणि आता विचारतेस, "आत्या, आयएसबीएन घ्यायलाच हवा का गं? इकडे त्याचे पैसे पडतात." माझी सगळी नोकरी प्रकाशनाच्या कचेरीत गेली. एका ओळीत उत्तर दिलं तर माझंच समाधान व्हायचं नाही. शिवाय हा क्रमांक कशासाठी निघाला हे कळलं, की तो कुणाच्या नावावर घ्यायचा हेही तुझं तुला उमगेल.

सुरुवात इंग्लंडातली. १९६५ साली डब्ल्यू. एच. स्मिथ ही तिथली मोठी पुस्तकविक्रेती कंपनी आपलं गोदाम संगणकावर न्यायच्या तयारीला लागली. दुकानातल्या मुरलेल्या माणसाला अर्धवट नाव सांगितलं तरी तो बरोबर पुस्तक काढून देतो. संगणकाला ते जमत नाही. एकाच नावाची दोन पुस्तकं निघतात, एकाच पुस्तकाच्या दोन बांधण्या असतात, लेखकाचं आडनाव कुणी कसंही लिहितं. तेव्हा प्रत्येक पुस्तकाला एकच पक्का आकडा हवा, असं ठरलं आणि काम गेलं गॉर्डन फॉस्टर या संख्याशास्त्रज्ञाकडे. महायुद्धात ब्लेचली पार्कमध्ये सांकेतिक संदेश उलगडण्याच्या कामात असलेला हा माणूस तेव्हा लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये होता. त्याने १९६६ साली अहवाल दिला आणि १९६७ पासून ब्रिटनमध्ये नऊ आकडी क्रमांक सुरू झाले. १९७० साली दहा आकडी रूपात ते आंतरराष्ट्रीय मानक झालं. जुन्या नऊ आकड्यांच्या आधी एक शून्य लावलं की काम भागायचं. फॉस्टर पुढे तुझ्याच गावात, डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजात, प्राध्यापक झाला.

आता हातात पेन घे. समज, एका पुस्तकावर ९७८-८१-२६०-०१२३-१ असा क्रमांक आहे. मधल्या आडव्या रेघा शोभेच्या नाहीत; त्या पाच तुकडे पाडतात. पिनकोडसारखाच हा क्रमांकही मुलखाकडून घराकडे जातो. ९७८ म्हणजे ही वस्तू पुस्तक आहे. ८१ म्हणजे भारत. तो साठा अपुरा पडू लागल्यावर आपल्याला ९३ ही मिळाला. २६० हा प्रकाशक, इथे साहित्य अकादमी. ०१२३ हा त्या प्रकाशकाच्या यादीतला पुस्तकाचा नंबर. शेवटचा १ कशाचा, ते पुढे सांगते.

यात गंमत प्रकाशकाच्या तुकड्याची आहे. ८१ नंतर प्रकाशक आणि पुस्तक मिळून सातच आकडे उरतात. प्रकाशकाचे तीन असले तर पुस्तकांना चार उरतात, म्हणजे दहा हजार क्रमांक. प्रकाशकाचे चार असले तर पुस्तकांना एक हजार, पाच असले तर शंभर, सहा असले तर अवघे दहा. म्हणून प्रकाशकाचा आकडा जितका लहान, तितका त्याचा कारभार मोठा. पेंग्विनचा आकडा आहे फक्त १४, तोही इंग्रजी गटाच्या ० च्या पुढे. त्यामुळे पेंग्विनने दिल्लीत काढलेल्या कितीतरी इंग्रजी पुस्तकांवर ८१ दिसत नाही, ०-१४ दिसतं. उलट ८१ वरून पुस्तक मराठी की तमिळ, हे कळत नाही. इंग्रजी, फ्रेंच, जर्मन यांचे गट भाषेप्रमाणे पडले. आपल्याला देश म्हणून एकच गट मिळाला.

शेवटचा आकडा पहारेकरी आहे. पहिल्या बारा आकड्यांना आळीपाळीने १ आणि ३ ने गुणायचं आणि बेरीज करायची. आपल्या क्रमांकाची बेरीज येते ८९. पुढच्या दशकाला, म्हणजे ९० ला, एक कमी पडतो, म्हणून शेवटी १. आता टंकताना कुणी १२३ च्या जागी १३२ मारलं, तर बेरीज होते ८७ आणि शेवटी ३ यायला हवा. तिथे १ दिसल्याबरोबर संगणक क्रमांक नाकारतो. पण हा पहारेकरी कधी डुलकीही घेतो. शेजारच्या दोन आकड्यांत नेमका पाचाचा फरक असेल, उदाहरणार्थ १६ चं ६१ झालं, तर बेरीज बरोबर दहाने सरकते आणि चूक बिनबोभाट निसटते.

जुना दहा आकडी क्रमांक इतका भोळा नव्हता. तिथे आकड्यांना १० पासून उतरत्या क्रमाने गुणून अकराचा हिशेब लावत. एक आकडा चुकला किंवा कुठल्याही दोन आकड्यांची अदलाबदल झाली, तरी ती पकडली जायचीच. अकराच्या हिशेबात बाकी दहाही येऊ शकते, म्हणून आपल्याकडच्या जुन्या पुस्तकांवर शेवटी कधीकधी रोमन दहाचा एक्स दिसतो. तो छपाईचा दोष नव्हे.

मग चांगली पद्धत का सोडली? क्रमांकांचे गठ्ठे संपत आले होते, आणि पुस्तकाला किराणामालाच्या बारकोडशी जुळवून घ्यायचं होतं. बारकोडचे पहिले आकडे नोंदणीचा देश सांगतात. आपल्या बिस्किटाच्या पुड्यावर ८९० असतं. पुस्तकांसाठी 'बुकलँड' नावाचा एक काल्पनिक देशच मानला आणि त्याला ९७८ दिला. १ जानेवारी २००७ पासून सगळेच क्रमांक तेरा आकडी झाले. मात्र जुन्या क्रमांकाआधी नुसतं ९७८ चिकटवून चालत नाही, शेवटचा आकडा पुन्हा काढावा लागतो. वरचंच पुस्तक दहा आकड्यांत ८१-२६०-०१२३-२ झालं असतं. नुसतं ९७८ चिकटवण्याची चूक मी मुद्रितांत अनेकदा खोडली आहे. आता ९७९ ने सुरू होणारी पुस्तकंही निघतात. त्यांना दहा आकडी रूपच नाही.

क्रमांक काय सांगत नाही, हेही लक्षात ठेव. तो कॉपीराइट देत नाही आणि पुस्तक चांगलं असल्याची ग्वाहीही देत नाही. आपल्याकडे विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१० च्या नियमांत प्राध्यापकांच्या गुणांकनासाठी आयएसबीएन असलेली पुस्तकं धरली, आणि चर्चासत्रांच्या पत्रिकांवर 'आयएसबीएनसह पुस्तक' ही ओळ झळकू लागली. जणू शिक्का बसला की विद्वत्ता आली! हा क्रमांक विक्रेत्याच्या आणि ग्रंथालयाच्या सोयीचा. कोणतं पुस्तक, कोणत्या रूपात, कुणी काढलं, एवढंच तो सांगतो.

आता तुझ्या प्रश्नाकडे येते. घरातल्यांना वाटायच्या प्रतींना क्रमांक नसला तरी काही अडत नाही. पण अण्णांचं पुस्तक दुकानात आणि ग्रंथालयात जावं असं तुला वाटतं ना? मग क्रमांक घ्यायचा. प्रकाशक ज्या देशात, त्या देशातून तो घेतात. ब्रिटन-आयर्लंडमध्ये त्याला पैसे मोजावे लागतात. आपल्याकडे केंद्रीय शिक्षण मंत्रालयाखालची राजा राममोहन रॉय राष्ट्रीय संस्था तो फुकट देते. अर्ज ऑनलाइन असतो आणि स्वतःच पुस्तक काढणाऱ्या लेखकालाही करता येतो. कुणी एजंट मध्ये घालू नकोस. छापून देणारी संकेतस्थळं आपल्या साठ्यातला क्रमांक देऊ करतात, तोही नको, कारण मग जगभरच्या नोंदींत प्रकाशक म्हणून आपलं नाव येणार नाही. छापील पुस्तकाला एक आणि ई-बुकला वेगळा, असे दोन क्रमांक लागतील. पुढे नुसतं पुनर्मुद्रण केलं किंवा किंमत वाढवली तर तोच क्रमांक चालतो. मजकुरात मोठी भर घालून नवी आवृत्ती काढली तर नवा घ्यायचा.

तेव्हा प्रकाशक म्हणून माझं नाव आणि पुण्याचा पत्ता घाल, अर्ज मी करते. क्रमांक आला की तुला कळवीन. तो पानावर चढवण्याआधी तेरावा आकडा तू स्वतः कागदावर काढून बघ, आणि जुळला तरच फाइल छापखान्यात पाठव.

तुझी,
आत्या