चालत जाण्याइतकं काम

शाश्वत शहर म्हटलं की हल्ली गच्चीवरची सौर पॅनेलं आणि भिंतीवर वाढवलेल्या बागांची चित्रं दाखवतात. मला मात्र कल्याणजवळचं मोहने आठवतं. आंबिवली स्टेशनाबाहेर शेअर रिक्षात बसायचं. चौथी सीट ड्रायव्हरशेजारी, अर्धं अंग बाहेर. थोड्याच वेळात नॅशनल रेयॉनची, म्हणजे सगळ्यांच्या तोंडी असलेल्या 'एनआरसी'ची भिंत सुरू होते आणि संपता संपत नाही.

इथे रेयॉनचा धागा निघायचा, टायरला लागणारी नायलॉनची दोरी निघायची. कामगारांची वसाहत कारखान्याला लागूनच. पाळी सुटली की माणूस चालत घरी, पोरगं चालत शाळेत. ते दिवस सोन्याचे होते असं म्हणायचा मोह होतो, पण ते खरं नाही. 1980च्या दशकात शेजारच्या काळू नदीतल्या पाऱ्याची गोष्ट देशभरच्या पर्यावरणविषयक लिखाणात येत असे. काम दाराशी होतं, तसं विषही दाराशीच.

2009 मध्ये टाळेबंदी झाली. कामगारांची देणी थकली, त्यासाठी वर्षानुवर्षं मोर्चे निघाले. पोटापाण्याचं साधन मात्र साठेक किलोमीटर लांब, मुंबईत सरकलं. कल्याणच्या पुढे कसाऱ्याकडे जायचा एक आणि यायचा एक, असे रेल्वेचे दोनच मार्ग. मेल पुढे काढायची म्हणून लोकल उभी करतात. दिवसाचे दोन-तीन तास डब्यात घालवून घरी पोचणाऱ्या बाईला विजेच्या बसचं कौतुक कुणी सांगावं? घराजवळ काम असणं ही पर्यावरणाचीच बाब आहे, हे आपल्या नियोजनकारांना का सुचत नाही, कोण जाणे.

आता त्याच जागेवर वर्षाला 60 लाख टन सिमेंट दळण्याचा प्रकल्प मांडला गेला. 2025च्या सप्टेंबरात जनसुनावणी झाली. मोहने, आंबिवली आणि आसपासच्या गावांनी धुळीच्या भीतीने कडाडून विरोध केला. ज्यांनी कारखान्याच्या भिंतीला टेकून आयुष्य काढलं, त्यांना कारखान्याचं वावडं कसं असेल? पण पूर्वी निदान पगार तरी इथेच मिळायचा. या वेळी धूर-धूळ इथे आणि नफा दुसरीकडे, असं होणार असेल तर लोक नाही म्हणणारच, आणि ते बरोबर आहे.

पुढची कुठलीही मंजुरी देण्याआधी दोन कागद मोहन्याच्या चौकात मराठीत लावा: जुन्या कामगारांपैकी कुणाचं देणं किती चुकतं झालं, आणि नव्या प्रकल्पात चालत कामावर जाणारे किती जण असतील.